सहावं वर्ष कोणाच्या खात्यात?

‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ हा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारला होता. विषय ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा होता. पोरं चिडली, निषेध झाले, चार दिवस धुरळा उडाला आणि बसला. प्रश्नाला उत्तर मात्र कोणी दिलं नाही. ते द्यायला हे सदर या आठवड्यात अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याला आलंय. कारण मे महिना सरता सरता इथे खरोखरचे दिवे लागतात. घाटघर, मुरशेत, पांजरे, उडदावणे या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात आणि अख्खं झाड लुकलुकायला लागतं. हा दिवा लागतो कसा, हे कळायला जगभरात कित्येकांना आधी पीएचडीच करावी लागली.

उजेडाचं रसायन तसं सोपं. काजव्याच्या पोटाखालच्या पेशींत ल्युसिफेरिन असतं. ल्युसिफरेज हे विकर, एटीपी आणि प्राणवायू एकत्र आले की प्रकाश पडतो, उष्णता जवळजवळ नाहीच. अवघड आहे ती उघडझाप. मेंदूचा हुकूम घेऊन आलेला मज्जातंतू प्रकाशपेशीपर्यंत पोचतच नाही, अलीकडे हवानळीच्या टोकापाशीच थांबतो. मग पुढचा निरोप कोण नेतं? २००१ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने ‘सायन्स’मध्ये उत्तर मांडलं: नायट्रिक ऑक्साइड. पेशीच्या कडेला बसलेले मायटोकाँड्रिया येणारा प्राणवायू वाटेतच खाऊन टाकतात. नायट्रिक ऑक्साइड त्यांचं खाणं क्षणभर थांबवतो, तेवढ्यात प्राणवायू आत शिरतो आणि दिवा लागतो. थोडक्यात, दिवा लावायचा तर वाटेत बसून खाणाऱ्यांना आधी थांबवावं लागतं. मंत्रालयाने नोंद घ्यावी असं हे शास्त्र आहे.

काजव्यांच्या दिवसांत इथे शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. हेडलाइट लावून अंधार बघायला आलेले लोक. वनखातं सांगून सांगून थकतं की टॉर्च मारू नका, फ्लॅश मारू नका, झाड हलवू नका. लोक तिन्ही करतात. अशाच एका गर्दीत मला मेंदूशास्त्राच्या एका प्रयोगशाळेची सहल भेटली. संस्थेचं नाव राहू द्या. सहलीला ते ‘रिट्रीट’ म्हणत होते. म्हणजे जे काम लॅबमध्ये रात्री अकरापर्यंत चालतं, ते इथे धरणाकाठी रात्री अकरापर्यंत चालतं, फक्त मध्ये पिठलं-भाकरी मिळते. त्यातल्या एका मुलीने टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला होता, कारण काजव्यांना लाल उजेडाचा त्रास कमी होतो. अख्ख्या गर्दीत हे सुचलेली ती एकटीच. मुरशेतचा वाटाड्या तिच्यावर खूश होता. त्याने चौकशी सुरू केली.

‘ताई, तुम्ही काय शिकता?’

‘मेंदूवर संशोधन करते, दादा.’

‘माणसाच्या?’

‘नाही, उंदराच्या.’

‘किती वर्षं झाली?’

‘पाच.’

वाटाड्या जरा थांबला. मग काळजीने म्हणाला, ‘पाच वर्षांत उंदीर बरा नाही झाला?’

हसून झाल्यावर ती मुलगी जे बोलली त्यावरच हा मजकूर बेतलाय. ‘उंदीर ठीक आहे हो. ऑगस्टमध्ये माझी फेलोशिप संपतेय.’

हा हिशेब नीट समजून घ्या, कारण तो करायला मेंदूशास्त्र लागत नाही. नेट ही परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ मिळाली की २ वर्षं ती, मग ३ वर्षं वरिष्ठ फेलोशिप, म्हणजे एसआरएफ. बेरीज ५. यूजीसीची २०२२ ची पीएचडीची नियमावली मात्र सांगते, किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. सहावं वर्ष नियमात आहे, पगारपत्रकात नाही. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्याला ते सहावं वर्ष हटकून लागतं. उंदरांची पिढी तयार व्हायला महिने जातात, जनुक बदललेलं वाण हवं असेल तर आणखी जातात, आणि पेपरचा परीक्षक सहा महिन्यांनी कळवतो की ‘काम छान आहे, फक्त तीन प्रयोग आणखी करा’. त्या तीन प्रयोगांत वर्ष जातं. त्या वर्षाचं जेवण कोणाच्या खात्यातून, हे परीक्षकाला विचारायची सोय नसते.

रक्कम तरी किती? १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३१,००० वरून ३७,००० झाली आणि एसआरएफ ३५,००० वरून ४२,०००. घरभाडं वेगळं. हीही वाढ आपसूक झाली नाही. आधी देशभर विद्यार्थ्यांनी फलक धरले, मग त्या जूनमध्ये आदेश निघाला. बरं, कागदावरची रक्कम आणि खात्यातली रक्कम यांच्यात एक ‘प्रक्रिया’ नावाचा घाट आहे. तो कसारा घाटापेक्षा लांब आहे. हजेरीचं पत्रक, गाईडची सही, विभागप्रमुखाची सही, पोर्टलवर ‘पेंडिंग अ‍ॅट मेकर’, मग ‘पेंडिंग अ‍ॅट चेकर’. चार-चार महिने फेलोशिप न आलेली पोरं मला माहीत आहेत. ती मेसचालकाकडे उधारीवर जेवतात. मराठी मुलखात विज्ञानाला सर्वांत नियमित अनुदान बहुधा मेसचालक देतात.

आता सर्वांत मोठी गंमत. मेंदूशास्त्राच्या लॅबमध्ये अभ्यास कशाचा चालतो? ताणाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांचं या विषयावरचं काम प्रसिद्ध आहे. २०१५ चा भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळालाय. या क्षेत्रातला एक नेहमीचा प्रयोग असा: उंदराची पिल्लं जन्मल्यावर पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवायची आणि मोठेपणी ती किती भेदरट होतात ते मोजायचं. लहानपणचा ताण मेंदूत किती खोल उतरतो, याचा पुरावा अशा कामांतून मिळाला. असे प्रयोग करायचे तर संस्थेत प्राणी-नीतिमत्ता समिती लागते. उंदराला जागा किती, तापमान किती, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार मिळतो की नाही, त्रास मर्यादेबाहेर जातोय का, हे सगळं समितीपुढे लेखी मांडावं लागतं. मांडलंच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्याच इमारतीत पिंजऱ्याच्या अलीकडे जो प्राणी बसलाय, त्याला बारा तास अंधार मिळतो की नाही हे बघणारी समिती कुठे भरते, एवढं विचारायचं होतं.

ताणावर उपाय म्हणून अलीकडे संस्था योगाची कार्यशाळा घेतात. हजेरी सक्तीची.

पण शिकतात काय ही मुलं? इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ‘पीएचडी म्हणजे जाड पुस्तक’ हा समज पुसायला हवा. पॅच-क्लॅम्प नावाचं तंत्र घ्या. उंदराच्या मेंदूचा जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर जाडीचा काप प्राणवायू सोडलेल्या द्रवात ठेवतात. तो काही तास जिवंत राहतो. काचेची नळी तापवून ओढतात, टोक साधारण एक मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धक्के शोषणाऱ्या टेबलावर, जाळीच्या पिंजऱ्याआड, सूक्ष्मदर्शकातून बघत ते टोक एका चेतापेशीला अलगद टेकवायचं आणि नळीचं दुसरं टोक तोंडात धरून हलकीशी हवा ओढायची. जास्त ओढली तर पेशी फाटते, कमी ओढली तर पकड बसत नाही. ‘सील लागली’ की लॅबमध्ये कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. पलीकडे कोणी दार आपटलं की ‘सेल गेला’. या तंत्रासाठी नेहर आणि साकमान यांना १९९१ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या मुलीला ते साधायला सहा-आठ महिने लागतात. त्या महिन्यांत तिच्याकडे दाखवायला एकही आकडा नसतो आणि प्रगती अहवालात रकाना असतो: ‘या सहामाहीतील निष्पत्ती’. काय लिहिणार? ‘ओठ तयार झाले’?

हाताला वळण लागतं. डोक्याला लागतं का? २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी बाजारातून आणलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांना काय वाटत असेल असं विचारलं. माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. मासा मेलेला होता. एकाच वेळी हजारो ठिकाणी मोजमाप घेऊन संख्याशास्त्राची योग्य दुरुस्ती केली नाही तर मेलेला मासाही सहानुभूती दाखवतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. भंडारदऱ्याच्या शेंडी गावात धरणाचा मासा तव्यावर तळताना मला तो सामन आठवला, आणि आपल्याकडच्या कोर्सवर्कमधला संख्याशास्त्राचा पेपरही आठवला. सूत्रं पाठ, एसपीएसएस सॉफ्टवेअरची बटणं पाठ, उत्तीर्ण. २०१३ मध्ये ‘नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या एका गाजलेल्या लेखाने दाखवलं की मेंदूशास्त्रातल्या अभ्यासांची सांख्यिकीय ताकद साधारण २१ टक्के भरते. म्हणजे परिणाम खरोखर असला तरी तो सापडण्याची शक्यता पाचात एक. ही दुरुस्ती पीएचडीच्या पहिल्या वर्षात व्हायला हवी. आपण पहिल्या वर्षात ‘संशोधन पद्धती’ शिकवतो, म्हणजे संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे द्यायचा ते.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने संशोधन-प्रशिक्षणाची वेगळी शिष्यवृत्ती सुरू झाली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्था एकत्र येऊन मेंदूशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी पैसे देतात, आणि ते पैसे गाईडच्या प्रकल्पाला नव्हे, शिकवणाऱ्या कार्यक्रमाला मिळतात. त्यामुळे मुलगा आधी शाळेचा असतो, मग सरांचा. त्याहून खोचक अट पुढे आहे. अनुदान पुढे चालू ठेवायला अर्ज करणाऱ्या विभागाला तक्ता जोडावा लागतो: गेल्या पंधरा वर्षांत तुमच्याकडून बाहेर पडलेली मुलं आज काय करतात? एवढा एक तक्ता आपल्या विद्यापीठांनी पीएचडीच्या जाहिरातीखाली छापला तर प्रवेश-परीक्षेची गर्दी आपोआप आटोक्यात येईल. तिकडे सगळं गोकुळ आहे असं समजू नका, २०२५ मध्ये तिथल्याही अनुदानांवर कात्री चालली. पण कात्री चालवण्यापुरतं तरी कापड होतं.

आपलं कापड बघा. २०२०-२१ मध्ये संशोधनावर देशाचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के करून टाकलं. शास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला, ओरड झाली आणि ऑगस्ट उजाडता उजाडता प्रयोगशाळांसाठी ते परत १० टक्क्यांवर आलं. त्या आठवडाभरात एखाद्या मुलीची अँटिबॉडी कुठल्या विमानतळावरच्या फ्रीजमध्ये अडकली असेल, तर तेच तिचं करिअर मार्गदर्शनाचं शिबिर.

तरीही या मातीत माणसं घडली आहेत, आणि ती कशी घडली हे बघण्यासारखं आहे. ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून टीआयएफआरमध्ये आले. जिवाणूंच्या जनुकशास्त्रात नाव झालेलं असताना चाळिशीच्या आसपास त्यांनी विषयच बदलला. सीमूर बेंझर यांच्याबरोबर तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्या शोधल्या आणि मुंबईत परतून माशीला वास आणि चव कशी कळते याच्या मागे लागले. त्यांच्याकडे १९७७ मध्ये वेरोनिका रॉड्रिग्ज आली. गोव्याच्या कुटुंबातली, जन्म केनियातला, पदवी डब्लिनची. सिद्दिकींचं काम वाचून तिने पत्र लिहिलं आणि कुलाब्याला येऊन माश्या मोजायला बसली. वास न कळणाऱ्या माश्या वेगळ्या काढायच्या आणि कोणतं जनुक बिघडलंय ते शोधायचं. जगात तेव्हा हा विषय फारसं कोणी हाती घेतला नव्हता. तिच्याकडून पुढे एक अख्खी शाळा उभी राहिली. आजच्या पद्धतीत सिद्दिकींना ‘विषयबदलाचं सबळ कारण’ लिहून द्यावं लागलं असतं, आणि वेरोनिकाबाईंचा अर्ज बहुधा परदेशी पदवीच्या समकक्षता प्रमाणपत्रासाठी एखाद्या टेबलावर पडून असता.

नागपूरचं उदाहरणही द्यायला हवं, कारण ‘हे सगळं मुंबई-पुण्याचं’ असं कोणी म्हणायला नको. निशिकांत सुभेदार यांनी नागपूर विद्यापीठात, साध्या राज्य विद्यापीठाच्या सामग्रीत, माशांच्या आणि उंदरांच्या मेंदूतल्या पेप्टाइडांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि विद्यार्थी घडवले. नंतर ते पुण्याच्या आयसरमध्ये गेले. राज्य विद्यापीठांत असं काम करणाऱ्या विभागांच्या आज किती जागा रिकाम्या आहेत, हा प्रश्न विधिमंडळात विचारण्याजोगा आहे. दिव्यांविषयी विचारून झालं की विचारा.

आणि मग करिअर. ‘पुढे काय?’ या प्रश्नाला लॅबमध्ये ठरलेलं उत्तर आहे: पोस्टडॉक, म्हणजे बाहेर. भंडारदऱ्यात बसून हे उत्तर ऐकताना समोरचं धरणच बोलायला लागतं. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये विल्सन धरण पुरं झालं, ११ टीएमसी पाणी अकोल्याच्या डोंगरात अडलं आणि कालव्यांनी जाऊन उसात फुललं ते खाली, श्रीरामपूर-राहात्याकडे. डोंगरातली माणसं काठावर उभी राहून बघत राहिली. आपल्या मेंदूशास्त्रज्ञांचंही तेच. साठा इथे, भिजवण बॉस्टनला. शुभा टोळे झेवियर्समधून कॅलटेकला गेल्या, विदिता वैद्य झेवियर्समधूनच येलला गेल्या. दोघी परतून टीआयएफआरमध्ये आल्या, म्हणून प्रत्येक व्याख्यानात याच दोघींची नावं घ्यायची सोय झाली. परतायची इच्छा असून पस्तिशी उलटेपर्यंत जागेच्या जाहिरातीची वाट बघणाऱ्यांची नावं कुठल्या स्लाइडवर नसतात.

सगळ्यांनीच प्राध्यापक व्हावं असं नाही. होणारही नाहीत, तेवढ्या खुर्च्याच नाहीत. औषध कंपनीत, विज्ञानाच्या संपादनात, पेटंट कार्यालयात, शाळेतसुद्धा ही माणसं लागतात. पॅच करणारी मुलगी संयम, शंका आणि आकडेमोड यांत भल्याभल्यांना हरवेल. पण तिच्या गाईडसमोर तिने ‘मला उद्योगात जायचंय’ म्हणून बघावं. घरात आंतरजातीय लग्न सांगितल्यासारखी शांतता पसरते. मग समजूत घालतात, ‘एवढी हुशार, वाया का जातेस?’ पाच वर्षं ४२ हजारांच्या आत राबवून घेतलं, ते वाया जाणं नव्हतं.

मुदतीचं म्हणाल, तर या खोऱ्याला मुदतवाढीची सवय आहे. भंडारदऱ्याच्या खालच्या निळवंडे प्रकल्पाला १९७० मध्ये मान्यता मिळाली, कालव्यातून पाणी सुटलं २०२३ मध्ये. मधल्या ५३ वर्षांत खर्च शेकडो पटींनी वाढला आणि प्रत्येक वेळी सुधारित प्रशासकीय मान्यता मिळत गेली. एकदाही कोणी म्हणालं नाही की ‘पाच वर्षं झाली, आता स्वतःच्या खर्चाने बांधा’. त्या मुलीला फक्त एकाच वर्षाची सुधारित मान्यता हवी आहे.

ती मिळेल असं दिसत नाही. तोवर प्रबंध सादर करायची तारीख तिने वहीत ठळक लिहून ठेवावी. ती चुकली तर विद्यापीठ विलंब शुल्क घेतं. विलंबाने आलेल्या फेलोशिपवर व्याज देण्याची मात्र तरतूद नाही.